केबल धरणारा मुलगा

२०२३ सालचा पावसाळा सरत आला होता. एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ पत्नीसह पुढे आले. दोघांच्याही मुद्रेवर काळजी उमटली होती. त्यांच्या थोरल्या मुलाने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा करून वर्ष लोटले होते. गावात काम नव्हते. बेळगावात मिळाले ते टिकले नव्हते. आता मडगावच्या फातोर्डा मैदानावरील फुटबॉलचे सामने टीव्हीवर दाखवणाऱ्या एका कंपनीकडून, ओळखीच्या माणसामार्फत, त्याला रोजंदारीवर बोलावणे आले होते.

“फादर,” गृहस्थ म्हणाले, “पोरगा म्हणतो, मी मॅच दाखवायला जातो. मॅच तर खेळणारे दाखवतात. हा तिथं नुसती वायर धरणार म्हणे. धरायचीच तर घरी बैलाची दोरी आहे की!”

“आणि पैसे वेळेवर देतील ना, तेवढं विचारा,” मुलाची आई हळूच म्हणाली.

या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही स्वतः फुटबॉलचे शौकीन आहोत. टीव्हीसमोर बसून कित्येक सामने पाहिले आहेत. परंतु ते चित्र आमच्यापर्यंत कोण आणून पोहोचवतो, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. दिवा लागला की उजेड दिसतो, तार दिसत नाही. तशातलीच ही गोष्ट. मुलगा अखेर गेला. डिसेंबरात काही कामानिमित्त आमचे गोव्यास जाणे झाले, तेव्हा रीतसर परवानगी काढून एका सामन्याची सारी तयारी आम्ही डोळ्यांनी पाहिली. त्या पाहण्यातून आणि पुढे मुलाच्या तोंडून जे कळले, ते आज वाचकांपुढे मांडत आहोत. आपल्या गावांतील अनेक तरुण या वाटेकडे ओढले जात आहेत. तेव्हा ही वाट कशी आहे, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले बरे.

आदल्या दिवशीचे मैदान

लोंढ्याहून कॅसल रॉक, दूधसागर असा घाट उतरून आगगाडी मडगावला पोहोचते. सामना सायंकाळचा होता. आम्ही आदल्या दिवशी सकाळीच मैदानावर हजर झालो. खेळाडूंचा पत्ता नव्हता, प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि तरीही मैदानाच्या चारी बाजूंना माणसे मुंग्यांसारखी राबत होती. मैदानामागे एक अजस्र मोटार उभी होती. तिला ओबी व्हॅन म्हणतात. आत शिरल्यावर एका भिंतीवर लहानमोठे पडदे ओळीने मांडलेले दिसतात. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र वेगळ्या पडद्यावर येते. त्यांच्यासमोर दिग्दर्शक बसतो. कोणत्या क्षणी कोणते चित्र घरोघर जावे, हे तो ठरवतो आणि शेजारचा माणूस त्याच्या शब्दासरशी कळ दाबतो. एकजण केवळ रिप्ले काढतो, एकजण खेळाडूंची नावे आणि गुणसंख्या चित्रावर उमटवतो, एकजण ध्वनी सांभाळतो, तर एकजण सर्व कॅमेऱ्यांचे रंग व उजेड एकमेकांशी जुळवून ठेवतो. कारण एका कॅमेऱ्यात गवत हिरवे आणि दुसऱ्यात पिवळट दिसले, तर पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

ही झाली गाडीतील अनुभवी मंडळी. नवख्या मुलाला गाडीत जागा नसते. त्याची जागा बाहेर, उन्हात. सामान्य सामन्याला दहाबारापासून वीसपर्यंत कॅमेरे लावतात. मोठ्या स्पर्धांत ही संख्या फार वाढते. इंग्लंड व वेल्समध्ये झालेल्या २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात प्रत्येक सामन्याला किमान ३२ कॅमेरे होते. यांतील बहुतेक कॅमेऱ्यांपासून गाडीपर्यंत केबल टाकावी लागते. प्रेक्षागृहाच्या खालून, कठड्यांवरून, दारांच्या चौकटीवरून ती न्यायची; माणसांची ये-जा असेल तेथे रबरी पट्ट्यांखाली झाकायची; दर काही हातांवर बांधून घ्यायची; आणि दोन्ही टोकांना कोणत्या क्रमांकाचा कॅमेरा ते लिहून ठेवायचे. हे सर्व काम नवख्या मुलांचे.

त्या केबलीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळा व्यवहार तिच्यावर उभा आहे. वरून ती बोटाएवढ्या जाडीची साधी काळी दोरी दिसते. आत मात्र वीज वाहणाऱ्या तांब्याच्या तारा असतात, ताण सोसण्यासाठी पोलादी गाभा असतो, आणि काचेचे दोन तंतू असतात. त्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने चित्र गाडीकडे जाते आणि दिग्दर्शकाचा शब्द कॅमेरा चालवणाऱ्याच्या कानी येतो. प्रकाश वाहणारा भाग मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका बारीक असतो. जोडणीच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला, तरी चित्र तुटू शकते. म्हणून मुलांना पहिला धडा असा देतात की, टोक मोकळे झाले की तत्क्षणी टोपण लावावे आणि टोक जमिनीवर कधीही टेकू देऊ नये.

दुसरा धडा गुंडाळण्याचा. खेडेगावचा माणूस दोर कोपराभोवती भराभर गुंडाळतो. आम्हीही तसाच गुंडाळतो. त्या पद्धतीने प्रत्येक वेढ्यागणिक दोराला एक पीळ बसतो, आणि सोडताना दोर गाठी मारतो. विहिरीवर ज्यांनी नवा दोर सोडला आहे, त्यांना हे सांगायला नको. केबलीचा पीळ तर आतील काच मोडतो. यासाठी एक वेढा सरळ आणि पुढचा वेढा उलटा, असे आळीपाळीने टाकतात. एका वेढ्याचा पीळ दुसरा वेढा काढून टाकतो, आणि शेवटी फेकलेली केबल न अडखळता सरळ उलगडत जाते. हे पाहण्यास सोपे. परंतु शंभर मीटरची ओली, चिखलाने माखलेली केबल मध्यरात्री याच रीतीने गुंडाळायची म्हणजे हात आणि धीर दोन्ही लागतात. आमच्या गावच्या मुलाला ही कला साधण्यास तीन सामने लागले.

सामना सुरू असताना

सामन्याच्या दिवशी कामाची वाटणी होते. कोणी निरोप्या होतो. सामन्यापूर्वी सुमारे तासभर दोन्ही संघांच्या खेळाडूंची अधिकृत यादी मिळते. ती धावत नेऊन नावे उमटवणाऱ्यांच्या आणि समालोचकांच्या हाती द्यायची. यादीतला एक क्रमांक वाचण्यात चुकला, तर एकाच्या कर्तबगारीवर दुसऱ्याचे नाव लागते, आणि घरी टीव्हीसमोर बसलेल्या एखाद्या आईला आपल्या मुलाचे नाव दिसत नाही. कोणी ध्वनिवाल्यांच्या हाताखाली असतो. मैदानाच्या कडेने मायक्रोफोन मांडलेले असतात, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यांना केसाळ आवरण घातलेले असते. चेंडू ज्या बाजूला जाईल, त्या बाजूचा मायक्रोफोन गाडीतला माणूस वर उचलतो. म्हणून तर चेंडूला लाथ बसल्याचा ठोका आपल्याला घरी ऐकू येतो. हिवाळ्यात गोव्यात रात्री दव पडते. काचा पुसणे, जोडण्या झाकणे, ओल्या कापडाच्या जागी कोरडे कापड देणे, हेही काम कोणीतरी करीतच असतो.

आमचा मुलगा मात्र केबल धरण्यास नेमला होता. मैदानाच्या कडेने एक चित्रकार खांद्यावर कॅमेरा घेऊन धावतो. त्याचा एक डोळा कॅमेऱ्याच्या भिंगाला लागलेला असतो. मागे काय आहे, पायाखाली काय आहे, हे त्याला दिसत नाही. त्याच्या मागे पाचसहा पावलांवर केबल धरणारा मुलगा असतो. चित्रकार पुढे निघाला की केबल सोडायची, मागे आला की आवरायची. ताण पडू द्यायचा नाही आणि वेटोळेही पायात येऊ द्यायचे नाही. चित्रकार मागे सरू लागला, तर पाठीवर हात ठेवून त्याला सावध करायचे. कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागला, म्हणजे त्याचे चित्र त्या क्षणी घरोघर जात आहे असे समजावे. दिवा नसला तरी त्याच्यासमोरून जायचे नाही, कारण रिप्लेसाठी चित्र साठवले जातच असते.

या कामाचा सर्वात कठीण नियम आम्हाला तेथील एका वयस्क चित्रकाराने सांगितला. तो म्हणाला, “फादर, इथं सगळे चेंडू बघायला येतात. केबलवाल्याने फक्त चेंडू बघायचा नाही.”

हा नियम मोडला की काय होते, ते मुलाने आम्हाला त्याच रात्री सांगितले. सामना संपून दोन तास झाले होते, प्रेक्षक केव्हाच घरी गेले होते, आणि आम्ही मैदानाच्या कडेला एका पेटीवर बसलो होतो. दुसऱ्याच सामन्यात यजमान संघाने अगदी अखेरीस गोल केला. सारे मैदान उठून उभे राहिले. “फादर, त्या वेळी मी चेंडू बघितला,” मुलगा म्हणाला. तेवढ्या एका क्षणात केबल जाहिरातीच्या फळीच्या पायात अडकली. चित्रकार आनंदाने धावणाऱ्या खेळाडूंकडे झेपावला आणि हिसका बसून जागीच कोलमडला. चित्र हेलकावले, दिग्दर्शकाने दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र घेतले. गोल दिसला; पण ज्याने गोल केला, त्याचा चेहरा जवळून दिसायचा तो दिसला नाही. तो क्षण निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

सामन्यानंतर मुख्याने सर्वांना उभे करून विचारले, “केबल कोणाकडे होती?” तेथे अंधार होता, माणसे पुष्कळ होती, आणि फळीचा पाय वेडावाकडा बसवणाऱ्यावर दोष ढकलणेही शक्य होते. मुलगा म्हणाला, “माझ्याकडे होती. मी वर बघितलं.” मुख्य थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उद्या आठ वाजता ये.” मुलाला त्या रात्री झोप आली नाही, हाकलण्यासाठीच बोलावले आहे, अशी त्याची समजूत झाली. सकाळी गेला तेव्हा त्याला पुन्हा त्याच चित्रकाराच्या मागे उभे केले गेले. मुख्याने त्याला एवढेच सांगितले की, चूक सगळ्यांची होते, परंतु ज्याची चूक कळत नाही, त्याच्यावर केबल सोपवता येत नाही.

चित्राची साक्ष

एखादा वाचक म्हणेल की, हा खेळाचा मामला. एक चेहरा दिसला नाही म्हणून काय बिघडले? याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१६ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनलचा मुख्य संघ त्याच क्लबच्या राखीव संघाशी खेळला आणि बीबीसीने तो खेळ टीव्हीवर दाखवला. थेट दाखवलेल्या अगदी सुरुवातीच्या फुटबॉलच्या खेळांपैकी हा एक. मैदान बीबीसीच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथील केंद्रापासून जवळ होते, म्हणून ते निवडले गेले. लांबून चित्र आणणे तेव्हा अवघड होते. आपल्या देशात १९८२ साली रंगीत टीव्ही आला आणि त्याच वर्षी दिल्लीचे आशियाई खेळ लोकांनी रंगांत पाहिले. आजचे चित्र बहुधा मैदानावरून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाते आणि परत पृथ्वीवर येते. केवळ या जाण्यायेण्यास पाव सेकंद लागतो.

आरंभी चित्र केवळ करमणुकीसाठी होते. पुढे ते साक्षीदार झाले. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत सैन्यदल आणि नौदल यांच्या विद्यालयांमधील फुटबॉलच्या सामन्यात, घडून गेलेला क्षण लगेच पुन्हा दाखवण्याचा प्रयोग टोनी व्हेर्ना या तरुण दिग्दर्शकाने केला. त्यासाठी आणलेले यंत्र सहाशे किलोच्या आसपास वजनाचे होते. पाहणारे गोंधळतील म्हणून समालोचकाला सांगावे लागले की, हा नवा गुण झालेला नाही, मघाचाच पुन्हा दिसत आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भारताचा कसोटी सामना चालू असताना सचिन तेंडुलकर धावबाद झाला की नाही, हे मैदानावरील पंचाला ठरवता येईना. त्याने टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे निर्णय सोपवला आणि चित्र पाहून तेंडुलकरला बाद ठरवण्यात आले. टीव्हीच्या साक्षीने बाद झालेला तो पहिला फलंदाज.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या कॅमेऱ्याने ती साक्ष दिली, तो कोणीतरी नेमक्या जागी उभा केला होता आणि त्याची तार कोणीतरी ओढून नेली होती. ती जोडणी निष्काळजीपणे केलेली असती, तर पंचाला दिसले काय असते? साक्षीदाराचा डोळा निर्मळ ठेवणे हेही न्यायाचेच काम होय. आणि ते करणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही.

गोव्याच्या लोकांनी तर याहून मोठी गोष्ट पाहिली आहे. करोनाच्या साथीमुळे इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन हंगाम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील मैदानांवर खेळवले गेले. पहिल्या हंगामातील ११५ सामने रिकाम्या खुर्च्यांपुढे झाले. खेळाडूंप्रमाणेच प्रक्षेपणाची माणसेही घरदार सोडून महिनोन्‌महिने बंदिस्त राहिली. मडगावचा माणूस आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर चाललेला सामना पाहायचा, तर तोही याच तारांतून! त्या काळात ही मुले कामावर नसती, तर सामना झाला काय आणि न झाला काय, लोकांच्या लेखी सारखेच होते.

वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

येथवर आम्ही या कामाची चांगली बाजू सांगितली. दुसरी बाजू झाकून ठेवली, तर त्या आईच्या प्रश्नाशी आम्ही प्रतारणा केल्यासारखे होईल.

पहिली गोष्ट पैशाची. हे काम बहुधा रोजंदारीचे असते. सामने असतील तेव्हा सलग काम. पावसाळ्यात महिनेच्या महिने रिकामे. नोकरीचा कागद नसतो. आजारपणाची रजा नसते. पैसे हाती पडण्यास दीड-दोन महिने लागणे नेहमीचेच. आमच्या मुलाची नोव्हेंबरची मजुरी फेब्रुवारी उजाडेपर्यंत आली नाही. तोवर त्याचा प्रवासखर्च आणि धाकट्या बहिणीची फी भागवण्यासाठी आईला कानांतले गहाण ठेवावे लागले. पैसे शेवटी पूर्ण मिळाले आणि कानांतलेही सुटले. परंतु ज्यांच्या घरात गहाण ठेवायलाही काही नसेल, त्यांनी काय करावे? म्हणून आमचे सांगणे असे की, कामावर जाण्यापूर्वी दिवसाचा दर किती, दिवस किती तासांचा, प्रवास व राहण्याचा खर्च कोणाकडे, आणि पैसे किती दिवसांत, या चार गोष्टी लेखी घ्याव्यात. फोनवर आलेला चार ओळींचा निरोपही पुढे उपयोगी पडतो. तसेच कोणत्या दिवशी किती तास काम केले, हे मुलाने वहीत टिपून ठेवावे. शब्द विसरला जातो; वही विसरत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. ओले मैदान, रात्रीचे दव, विजेच्या तारा आणि उंच मचाणे यांच्यामध्ये हे काम चालते. २०१३ साली जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे मोटारींच्या शर्यतीत एका गाडीचे निखळलेले चाक एका चित्रकारावर आदळले. त्याचे गळपट्टीचे हाड आणि बरगड्या मोडल्या. २०१५ साली बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट शर्यत जिंकून प्रेक्षकांना अभिवादन करीत चालला असता, दुचाकी यंत्रावरून चित्रण करणारा एकजण तोल जाऊन मागून त्याच्यावर आदळला. सुदैवाने बोल्टला गंभीर इजा झाली नाही. ज्या गोष्टी जगातील सर्वात मोठ्या मैदानांवर घडतात, त्या लहान मैदानावर घडणार नाहीत असे कोणी समजू नये. मचाणावर चढताना पट्टा आणि शिरस्त्राण मागून घ्यावे; चालू विजेच्या जोडणीला ओल्या हाताने शिवू नये; आणि चौदा तास काम झाल्यावर कोणी मोटार चालवायला सांगितले, तर नम्रपणे नाही म्हणावे.

तिसरी गोष्ट शीलाची. आणि तिच्याविषयी आम्हाला विशेष काळजी वाटते. चित्र घरी पोहोचण्यास वेळ लागतो. उपग्रह आणि इतर यंत्रे मिळून तो काही सेकंदांपर्यंत जातो. म्हणजे गोल झाला हे मैदानावरच्या माणसाला जगाच्या आधी कळते. पैजा लावणाऱ्यांना त्या काही सेकंदांचे मोल फार. २०१४ च्या जानेवारीत मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धेत, मैदानातून प्रत्येक गुणाची खबर बाहेर पाठवल्याच्या आरोपावरून एका इसमाला पोलिसांनी पकडले होते; त्याच्यावरील खटला पुढे मागे घेण्यात आला, परंतु या धंद्याची रीत त्यामुळे उघड झाली. गरीब घरचा, मैदानाच्या अगदी कडेला उभा असलेला, मजुरी थकलेला मुलगा अशा लोकांच्या नजरेत सहज भरतो. आरंभी ते मैत्री करतात, चहा पाजतात, आणि मग “फक्त एक फोन कर” म्हणतात. आईबापांनी मुलाला हे आधीच सांगून ठेवावे. थकलेली मजुरी मिळेल. गेलेले नाव परत मिळणे कठीण.

शेवटची गोष्ट घराची. लोकांची सुटी ती या मुलांची कामाची वेळ. शनिवार-रविवारी सामने, सणासुदीच्या आठवड्यातही सामने. त्या वर्षी नाताळच्या जेवणाला त्या घरात एक ताट रिकामे होते. आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा टीव्ही चालू होता. सामना कोण जिंकतो, याकडे आईचे लक्ष नव्हते. कडेने धावणाऱ्या चित्रकारामागे आपला मुलगा दिसतो का, हे ती पाहत होती. तो दिसला नाही. “दिसणारच नाही,” वडील म्हणाले, “तो दिसला तर चूक झाली म्हणायची.” पावसाळ्याअखेरीस ‘नुसती वायर’ म्हणणारे तेच हे गृहस्थ!

आमचे उत्तर

मुलाने दोन हंगाम केबल धरली. आता तो चित्रकाराचा साहाय्यक झाला आहे. कॅमेरा उभारणे, भिंगे पुसणे, जोडण्या तपासणे त्याच्याकडे आहे. या धंद्यात वर जाण्याची वाट अशीच आहे. केबल धरणारा पुढे साहाय्यक होतो, साहाय्यक चित्रकार होतो; निरोप्याचे काम करणारा व्यवस्थेत शिरतो; टिपणे घेणारा रिप्लेच्या यंत्रावर बसतो. मुलींसाठीही ही वाट मोकळी आहे, विशेषतः नावे उमटवण्याच्या व रिप्लेच्या कामात. पदवीपर्यंत शिकलेल्यांना पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीचे रीतसर शिक्षण घेता येते. ही संस्था १९६० साली सुरू झाली. आयटीआयमध्ये वीज किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलाला मैदानावर मान मिळतो, हे तर आम्ही प्रत्यक्षच पाहिले. शिवाय आता आपल्या भाषेचीही तेथे गरज पडू लागली आहे. २०२३ च्या आयपीएल क्रिकेटचे समालोचन इंटरनेटवर बारा भाषांत ऐकवले गेले, त्यांत मराठी होती.

तथापि ज्याला आपण दिसावे असे वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये. खेळाडूचा ओळखीचा माणूस म्हणून मिरवावे, त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यावे, फुकट सामना पाहावा, या हौसेने गेलेले तरुण महिनाभरात परततात. जो जमिनीवर दृष्टी ठेवून दुसऱ्याच्या पावलांची काळजी वाहू शकतो, तोच येथे टिकतो.

त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना असे दिले: वायर धरणे हे काम आहे. बैलाची दोरी धरणाऱ्याचे लक्ष ढळले, तर तास वाकडे जाते. येथे लक्ष ढळले, तर लाखो घरांतले चित्र हलते. शेतकऱ्याला वाकडे तास दुसऱ्या दिवशी नीट करता येते. या मुलाला ती सवड नाही. थेट चाललेल्या गोष्टीची दुरुस्ती नसते. म्हणून सावधपणा आधीच हवा.

आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पैसे वेळेवर मिळतीलच याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. ती मागून घ्यावी लागते, आणि लेखी मागून घेण्यात लाज नाही. ज्यांच्याकडे देणे आहे, त्यांनीही हे वाचावे. ज्या हातांनी सामना देशभर पोहोचतो, त्या हातांची मजुरी तीन-तीन महिने वाटेत अडकून पडावी, हे शोभत नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी घरी सामना पाहाल आणि गोल झाल्यावर सारे घर उठून उभे राहील, तेव्हा क्षणभर आठवा: तेथे मैदानाच्या कडेला कोणा खेड्यातला एक मुलगा खाली मान घालून उभा आहे. तो गोल त्याने पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलात, तो त्याच्यामुळे.